चित्रपटाबाहेरची नवी मराठी गाणी सुचवावीत

प्रश्न : आजवर मी मराठी गाणी चित्रपटांपुरतीच ऐकत आलो. २०२४ पासून स्वतंत्रपणे प्रकाशित झालेली, केवळ रीलपुरती नव्हे तर पूर्ण ऐकावीशी वाटतील अशी गाणी जाणकारांनी कृपया सुचवावीत.

प्रतिसाद १ : संजू राठोड यांच्या ‘गुलाबी साडी’पासून (२०२४) सुरुवात करावी. वरातींमध्ये ते इतके वाजले आहे की कान विटले असतील, तरीही एकदा हेडफोन लावून ऐकल्यास जी-स्पार्क यांच्या संगीतात ठेका किती मोकळा ठेवला आहे आणि बोलीतले साधे शब्द त्यावर किती अलगद बसतात, हे लक्षात येते. त्यांचेच २०२५ मधील ‘शेकी’ मला त्यामानाने बेतलेले वाटले.

प्रतिसाद २ : क्रेटेक्स आणि श्रेयस यांचे ‘तांबडी चामडी’ (२०२४) राहून गेले. हाऊस या इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीतावर मराठी शब्द, आणि प्रकाशन थेट नेदरलँड्सच्या स्पिनिन रेकॉर्ड्स या संगीत कंपनीचे! त्यात अर्थ शोधत बसू नये. शीर्षकातले ‘ड’काराचे आघातच तालवाद्याचे काम करतात.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. ‘तांबडी चामडी’ फोनच्या स्पीकरवर अगदीच पोकळ वाटले होते, हेडफोन लावल्यावर मात्र त्यातला खर्ज सापडला.