डोकं वापरलं नाही म्हणून डिमेन्शिया होतो? मग माझ्या बाबांचं काय?

मास्तरांची धाकटी
काल 'तांब्याभांडं' यांनी लिहिलं, की ज्यांनी आयुष्यभर पाठांतर केलं, डोकं चालतं ठेवलं, हळद-तूप खाल्लं त्यांना डिमेन्शिया होत नाही. शास्त्रज्ञांना शंभर वर्षांत कारण सापडलं नाही, आपल्या आज्यांना ते ठाऊक होतं. रात्रभर डोक्यात घोळत राहिलं, म्हणून सविस्तर लिहिते.

माझे बाबा 34 वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवायचे. पावकी, निमकी, दिडकी, औटकी, सगळे अपूर्णांकांचे पाढे तोंडपाठ. पहाटे फिरणं, घरचं जेवण, सुपारीचंसुद्धा व्यसन नाही. एकाहत्तराव्या वर्षी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर 14 तारखेच्या चौकोनात 'दूध 1 लि.' तीनदा लिहिलेलं सापडलं. तिसऱ्यांदा अक्षर चौकोनाबाहेर गेलेलं. महिनाअखेरीला दूधवाल्यासमोर बोटं मोजत बसले, हिशोब लागेना, आणि रडले. तेव्हा एका नातेवाइकाने आईला सुनावलं, "रिटायर झाल्यावर त्यांना कशात गुंतवलं नाहीस ना." ते वाक्य ती अजून उरावर वागवते आहे.

कोलंबियात अँटिओकिया भागात काही घराण्यांत पीएसईएन1 नावाच्या जनुकातला एकच बदल पिढ्यानपिढ्या चालत आलाय. तो ज्यांच्या वाट्याला येतो त्यांची स्मरणशक्ती साधारण 44व्या वर्षी ढासळू लागते, 49च्या आसपास डिमेन्शिया. त्या सगळ्यांनी काय डोकं वापरणं सोडलं होतं?

तांब्याभांडं
धाकटीताई, तुमच्या वडिलांबद्दल मी चकार शब्द काढलेला नाही. पण विज्ञानाचं नाव घेताय तर पूर्ण घ्या. 2006 साली 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत एक गाजलेला पेपर आला, अमायलॉइडच्या, म्हणजे अल्झायमरमध्ये मेंदूत साचणाऱ्या प्रथिनाच्या, एका प्रकाराने उंदरांची स्मृती जाते म्हणून. (अल्झायमर म्हणजे डिमेन्शियाचा सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार.) त्यातल्या चित्रांत फेरफार असल्याचं निघालं आणि 2024मध्ये तो मागे घेतला. अठरा वर्षं! अडुकानुमॅब या अमायलॉइडवरच्या औषधाला सल्लागार समितीचा विरोध असताना 2021मध्ये अमेरिकेत मंजुरी दिली, 2024मध्ये कंपनीनेच ते बंद केलं. आणि हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांत अल्झायमरचं प्रमाण अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियापेक्षा कितीतरी कमी भरलं, हेही शास्त्रज्ञांनीच 2001मध्ये छापलंय. हळद खाणारी माणसं होती ती.

उंदीरवाला
सात वर्षं याच विषयात उंदरांवर काम करतोय, म्हणून राहवत नाही.

तो पेपर खोटा निघाला याची आम्हालाच जास्त लाज आहे. पण तो अमायलॉइडच्या एका विशिष्ट रूपाबद्दल होता, सगळी इमारत त्यावर उभी नव्हती. डाउन सिंड्रोममध्ये 21वं गुणसूत्र एक जास्त असतं, अमायलॉइड ज्यातून तयार होतं ते जनुक त्याच गुणसूत्रावर आहे, आणि त्या लोकांत अल्झायमर फार लवकर येतो. हे त्या पेपरच्या कितीतरी आधीपासून माहीत आहे.

हळदीचं म्हणाल तर तिच्यातलं कर्क्युमिन हे द्रव्य रक्तात जेमतेम शोषलं जातं. अमेरिकेत रुग्णांना 24 आठवडे देऊन पाहिलं, फरक पडला नाही. बल्लभगडचा आकडा मीही उडवून लावत नाही. पण तिथे आयुर्मान कमी, आणि म्हातारा विसरतो हे घरचे आजार म्हणून सांगतच नाहीत. अलीकडच्या देशव्यापी पाहणीत 60 वर्षांवरच्या भारतीयांत डिमेन्शियाचं प्रमाण 7.4 टक्के निघालंय. हळद तीच आहे.

एक मात्र कबूल करतो, मन मारून का होईना. अमायलॉइडमुळेच अल्झायमर होतो या एका गृहीतकाभोवती पैसा इतका फिरला की मेंदूतल्या दाहावरचा माझा प्रस्ताव "अमायलॉइडशी संबंध दाखवा" म्हणून परत आला. लेकानेमॅब या अमायलॉइड काढणाऱ्या नव्या औषधाने 18 महिन्यांत ऱ्हास 27 टक्के मंदावला, पण 18 गुणांच्या मोजपट्टीवर तो फरक 0.45चा. त्यात मेंदूत सूज, रक्तस्रावाचा धोका. ताईंच्या कोलंबियन घराण्यातली एक बाई 2019मध्ये जगापुढे आली. जनुक तेच, मेंदूत अमायलॉइड भरपूर, तरी सत्तरीपर्यंत शाबूत. तिच्या एपीओई नावाच्या दुसऱ्या एका जनुकात 'ख्राइस्टचर्च' नावाचा दुर्मीळ बदल होता आणि टाउ, म्हणजे अल्झायमरमध्ये मेंदूत साचणारं दुसरं प्रथिन, फार पसरलंच नव्हतं. म्हणजे अमायलॉइड ही सुरुवात असेल, पण पुढची वाट अडवता येते. मला आशा दिसते ती इथे.

शाळा वाचवा
खरा मुद्दा कुणी घेतच नाहीये. हैदराबादेत 648 रुग्णांच्या अभ्यासात (2013) दोन भाषा बोलणाऱ्यांना डिमेन्शिया साडेचार वर्षं उशिरा आला, निरक्षरांनासुद्धा! आणि आपण पोरांना तिसऱ्या वर्षापासून इंग्रजीत कोंबून मराठी मारतोय. ही पिढी म्हातारी झाली की कळेल.

कोल्हापुरी रस्सा
इथेही माध्यम आलंच का? माझी मुलगी इंग्रजी शाळेत जाते, घरी अस्सल कोल्हापुरी बोलते. तुमच्याच अभ्यासाप्रमाणे फायदा तिचा.

शाळा वाचवा
बोलते, वाचते का? तिला ज्ञानेश्वरीतली एक ओवी लावता येते का विचारा.

कोल्हापुरी रस्सा
माझ्या लेकीवर यायचं काम नाही. ती शाळेची फी मी भरतो, तुम्ही नाही.

बेळगावकर
दोघंही थांबा. माझी आजी मराठी, कन्नड, हिंदी तिन्ही सफाईने बोलायची, कोकणी समजायची. शाळेत दुसरीपर्यंत. तिला झालाच. आधी हिंदी गेली, मग कन्नड. रविवारपेठेतल्या भाजीवालीला चाळीस वर्षं "एष्टु?" विचारणारी बाई एके दिवशी मेथीची जुडी हातात धरून नुसती उभी राहिली. शब्द येईना. भाजीवालीच म्हणाली, "अज्जी, घेऊन जा." तेव्हा भाषा हे कवच आहे असं माझ्यासमोर तरी बोलू नका.

उंदीरवाला
बेळगावकर, वाचून वाईट वाटलं. हैदराबादचा अभ्यास दवाखान्यात आलेल्यांवर होता. पुढे ज्यांनी निरोगी लोकांना नोंदवून वर्षानुवर्षं पाहिलं, त्यांना असा फायदा बहुतेक दिसला नाही. आणि तो खरा धरला तरी आजार उशिरा येतो, टळत नाही. सरासरी हजारांची असते, आजी एकच असते.

दुपारचा चहा
माझ्या सासऱ्यांचं सांगते. विसरायचे, चिडायचे, प्रश्नाला भलतीच उत्तरं. घरात सगळ्यांनी डिमेन्शिया ठरवून टाकला. बी12 जीवनसत्त्व तपासलं तर तळाला. कान तपासले तर निम्मं ऐकूच येत नव्हतं! इंजेक्शनं आणि कानाचं यंत्र, तीन महिन्यांत पेपर वाचून माझ्याशी वाद घालू लागले. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या 2024च्या अहवालात 14 कारणं दिलीत, ती आटोक्यात आणली तर जगातला 45 टक्क्यांपर्यंत डिमेन्शिया टळेल किंवा लांबेल. बहिरेपण त्यात अगदी वर आहे, शिवाय रक्तदाब, साखर, डोळे, एकटेपणा.

सासूबाईंना मात्र खराच होता. सहा वर्षं मी केलं. नोकरी सोडून. कुठल्याच अहवालात त्या सहा वर्षांचा रकाना नाही.

तांब्याभांडं
लॅन्सेटच्या यादीत लहानपणीचं कमी शिक्षण आणि एकटेपणाही आहे. म्हणजे डोकं चालतं ठेवण्याचा मुद्दा अगदीच चुकीचा नव्हता माझा.

मास्तरांची धाकटी
नव्हता. त्याने धोका कमी होतो हे मी मानते. पण "होत नाही" असं तुम्ही लिहिलंत. त्या दोन शब्दांमुळे माझी आई गुन्हेगार ठरते. बाबा आता मला ओळखत नाहीत. मी "एक दीड दीड" म्हटलं की "दोन दीड तीन" म्हणतात, चारपर्यंत जातात, मग माझ्या तोंडाकडे बघतात.

तांब्याभांडं
"होत नाही" हे शब्द मागे घेतो. तुमच्या आईला माझा नमस्कार सांगा. माझी आई 76ची आहे, हल्ली टीव्हीचा आवाज फार मोठा ठेवते आणि विचारलेलं पुन्हा विचारते. मी वयावर ढकलत होतो. दुपारचा चहा, कान आणि बी12 एकाच दिवशी तपासून होतात का? आणि आईला नेताना काय सांगून नेऊ, ती दवाखान्याच्या नावानेच बिथरते.

दुपारचा चहा
होतात. कानांना आधी घेऊन जा. टीव्ही नीट ऐकू येत नाही, तेवढं बघून येऊ, एवढंच सांगा. तेही खरंच आहे.