मदत हवी आहे: नाताळच्या नाटकातली मुलं अजिबात ऐकत नाहीत

आमच्या चर्चमध्ये यंदा नाताळचं नाटक संडे स्कूलची मुलं करणार आहेत आणि ते बसवायची जबाबदारी माझ्याकडे आहे. मुलं २६, वयं ४ ते १२. गोष्ट नेहमीचीच, येशूच्या जन्माची: गब्रीएल देवदूत त्याची आई मरीया हिच्याकडे येतो तिथपासून मागी लोक, म्हणजे पूर्वेकडून आलेले ज्ञानी लोक, बाळाला भेटी अर्पण करतात तिथपर्यंत. साधारण २० मिनिटांची संहिता आहे. रविवारी उपासना संपली की तालीम असते आणि त्या तालमीचा पार बोजवारा उडतोय.

मेंढपाळांच्या हातात काठ्या दिल्या की लगेच तलवारबाजी सुरू होते. देवदूतांच्या पंखांचं इलॅस्टिक ताणून सोडायचं हा तर खेळच झालाय. ज्याच्या पाठीवर बसतं तो रडतो, ज्याने सोडलं तो "मी नाही" म्हणतो आणि बाकीचे साक्ष द्यायला गोळा होतात. तेवढ्यात योसेफ पाणी प्यायला निघून गेलेला असतो. चिमुरड्यांना रांगेत उभं करून मोठ्यांकडे वळावं, तर मागे रांग मोडलेली.

सगळ्यांचा रोख मात्र एका मुलावर आहे. नऊ वर्षांचा आहे, हेरोद राजाचा शिपाई झालाय. एका जागी थांबत नाही, बाकांखालून सरपटत फिरतो. मागच्या तालमीत मरीया वाक्य विसरली. ती आठवत असतानाच बाकाखालून याने ते म्हणून टाकलं, शब्दन् शब्द बरोबर. सगळे हसले आणि ती मुलगी रडवेली झाली. नंतर मी त्याला जवळ बसवून विचारलं, तर त्याला सगळ्यांचे संवाद पाठ आहेत. त्याला स्वतःला एकच वाक्य आहे!

काहींचं म्हणणं आहे की त्याला आणि त्या दोन मेंढपाळांना काढून टाका, बाकीचे आपोआप सरळ होतील. मला हे पटत नाही. नाताळच्या नाटकातून आपल्याला काढलं, एवढंच त्या पोरांच्या लक्षात राहील. पण ज्यांनी मन लावून पाठांतर केलंय त्यांचाही हिरमोड व्हायला नको. कोणी असं नाटक बसवलं असेल तर कृपया सांगा, कोणालाही न काढता हे निभावता येईल का?

प्रतिसाद

ताई, कोणालाही काढू नका. संहिता बदला. मी बरीच वर्षं मुलांची नाटकं बसवतोय. लहान मुलांच्या नाटकात गोंधळ बहुतेक वेळा संवादांमुळे होतो. एक जण बोलतो आणि बाकीचे नुसते उभे असतात. त्यापेक्षा बाजूला उभं राहून एका मोठ्या माणसाने शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधली येशूची कथा, वाचावी आणि मुलांनी ती करून दाखवावी. लूकच्या शुभवर्तमानात दुसऱ्या अध्यायात बेथलेहेमचा प्रवास, गव्हाणी, मेंढपाळ सगळं आहे. मागी लोक मत्तयच्या दुसऱ्या अध्यायात येतात.

हा काही पळवाटीचा प्रकार नाही. असिसीचे संत फ्रान्सिस यांनी १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावी नाताळच्या रात्री गव्हाणी मांडली, तेव्हा तिथे गवत होतं, बैल आणि गाढव होतं. शुभवर्तमान स्वतः फ्रान्सिस यांनी गायलं आणि नंतर उपदेश केला. पाठ केलेले संवाद नव्हतेच.

आणि २६ मुलांना एकदम बोलावूच नका. आधी मेंढपाळ, ते गेले की देवदूत. एका गटाला पंधरा-वीस मिनिटं पुष्कळ झाली. सगळे एकत्र फक्त शेवटच्या तालमींना. काठ्या आणि पंखही तेव्हाच बाहेर काढा. आत्ता रिकाम्या हातांनीच करू दे. फक्त सगळ्या वस्तूंसकट एक तरी तालीम व्हायलाच हवी, नाहीतर कार्यक्रमाच्या दिवशी पंखांची नवलाई सुरू होईल.

प्रतिसाद

वरच्या दादांशी सहमत, पण एक भर घालते. काढू नका म्हणजे सगळं चालवून घ्या असं नाही. दुसऱ्याला लागेल असं काही केलं तर त्या दिवशीची तालीम बाजूला बसून बघायची, हा नियम सगळ्यांना आधीच सांगा आणि तुमच्या लाडक्या शिपायालाही लावा. पुढच्या वेळी मात्र भूमिका त्याचीच. मुलांना कडक नियम चालतो, एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरा हे चालत नाही.

आणि एकटीने करू नका. प्रत्येक गटामागे एक मोठं माणूस हवंच. चार-पाच वर्षांच्या देवदूतांजवळ तर दोघं, कारण एकाला शौचाला जायचं असलं की सगळ्यांनाच जायचं असतं. त्यांना पूर्ण वेळ मंचावर ठेवू नका. पहिल्या बाकावर बसवा, त्यांची वेळ आली की उठवा, गाणं झालं की परत बाकावर. प्रेक्षकांतली आई दिसली की हात हलवणारच, तो हलवू द्या. आणि मेणबत्त्या कोणाच्याही हातात नकोत, पंख आणि झगे लगेच पेट घेतात.

प्रतिसाद

त्या नऊ वर्षांच्या मुलाबद्दल. शिपायाला काम काय, तर उभं राहणं. ज्याला उभं राहता येत नाही त्यालाच ते दिलंय. त्याला तारा द्या. मत्तयमध्ये तारा मागी लोकांच्या पुढे चालत जातो आणि बाळ होतं त्या ठिकाणावर येऊन थांबतो. म्हणजे उंच काठीवरचा तारा धरून चर्चच्या दारापासून वेदीपर्यंत हाच पुढे. मागी लोक चुकले तर थांबून त्यांना वाट दाखवायची तीही यानेच. सगळं पाठ असलेल्या मुलाच्या हातात ते सोपवायला काहीच हरकत नाही. आणि त्याच्या प्रवेशाआधीचा वेळ त्याला पडदा ओढायला ठेवा.

धागाकर्तीचा प्रतिसाद

सगळ्यांचे मनापासून आभार. ताऱ्याची कल्पना फार आवडली, उद्याच त्याच्या आईशी बोलते. येत्या रविवारी फक्त मेंढपाळांना बोलावणार आहे.

एकच शंका राहिली. मरीया झालेल्या मुलीने तिचे संवाद खूप कष्टाने पाठ केलेत. आता सगळं वाचनावर नेलं तर तिला वाईट वाटेल. वाचन आणि तिची दोन वाक्यं एकत्र चालतील का?

प्रतिसाद

चालतील, नक्की ठेवा. वाचणाऱ्याने तिच्या वाक्यापाशी थांबून तिच्याकडे बघायचं. ती बोलली की पुढे वाचायचं. अडखळलीच, तर क्षणभर वाट बघून ते वाक्य वाचणाऱ्यानेच म्हणायचं, लोकांना कळतही नाही. हे तिला आधी सांगून ठेवा आणि तालमीत एकदा मुद्दाम विसरायला लावून बघा. मग तिची भीती बरीच कमी होईल.