'रॉकी फोर'ची गाणी: तुमचे अनुभव येऊ द्या

'रॉकी फोर' (१९८५) हा सिनेमा म्हणून किती बटबटीत आहे यावर वाद नको, ते सगळ्यांनाच मान्य आहे. अमेरिकन बॉक्सर रशियात जातो, बर्फात लाकडं फोडतो, यंत्रांवर पोसलेल्या धिप्पाड ड्रॅगोला लोळवतो आणि शेवटी मॉस्कोची पब्लिक त्याच्याच नावाने ओरडते. चालायचंच. इथे बोलायचंय ते फक्त गाण्यांबद्दल. कुठे ऐकलीत, कुठलं अजून डोक्यातून जात नाही, लिहा.

ठाणे
आमच्याकडे सिनेमा नंतर आला, गाणी आधी. स्टेशनजवळच्या दुकानात यादी देऊन कोरी कॅसेट भरून घ्यायची पद्धत होती. दादाने त्यात रॉबर्ट टेपरचं 'नो ईझी वे आउट' घातलं होतं. पुढे केबलवर सिनेमा पाहिला तेव्हा कळलं की कथा तिथे पूर्ण थांबते. रॉकीचा मित्र अपोलो ड्रॅगोशी लढताना मेलाय, रॉकी रात्री काळी लॅम्बॉर्गिनी काढून नुसता गाडी चालवतोय, आणि आधीच्या तीन भागांतले तुकडे डोळ्यांसमोरून जातायत. संवाद शून्य, आख्खं गाणं वाजतं. दुसरा दिग्दर्शक असता तर आणखी संवाद, रडारड असं काहीतरी लिहून बसला असता. स्टॅलोनने (रॉकीही तोच, दिग्दर्शकही तोच) ते काम गाण्यावर सोडलं आणि माझ्या मते तो सुटला.

नाशिक
मी ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायचो, म्हणून जरा लांबण लावतो.
पहिल्या तीन भागांचं संगीत बिल कॉन्टीचं, ब्रास आणि व्हायोलिनवालं. चौथ्याला आला व्हिन्स डिकोला. त्याचा 'ट्रेनिंग मोंटाज' हेडफोन लावून ऐका. सगळा डोलारा सिंथेसायझरवर. गंमत अशी, की पडद्यावर रॉकी खांद्यावर ओंडका घेऊन बर्फ तुडवतोय, आणि ड्रॅगोच्या अंगाला वायरी लावून कॉम्प्युटर त्याचे आकडे मोजतोय. साधा विचार केला तर सिंथ ड्रॅगोला हवा आणि रॉकीला एखादं गावरान वाद्य. डिकोलाने दोघांना एकाच तालावर पळवलं. त्यामुळे कट इकडून तिकडे गेला तरी दम कुठेच तुटत नाही. याच माणसाने पुढच्या वर्षी 'ट्रान्सफॉर्मर्स' या कार्टून सिनेमाचं संगीत केलं, आणि तिथेही हात तोच, लगेच ओळखू येतो.

कोल्हापूर
'हार्ट्स ऑन फायर'. जिममध्ये हे लागलं की शेवटचा सेट निघतोच. बाकी मला संगीतातलं कळत नाही.

पुणे
थोडा विरोधी सूर. 'बर्निंग हार्ट' म्हणजे शिळ्या कढीला ऊत. 'रॉकी थ्री'ला 'आय ऑफ द टायगर' सहा आठवडे अमेरिकेत एक नंबरवर राहिलं, म्हणून पुन्हा तोच सर्व्हायव्हर बँड, पुन्हा गाणी लिहिणारी पीटरिक-सलिव्हन जोडी. गायक तेवढा बदलला, डेव्ह बिकलरच्या जागी जिमी जेमिसन. कहर म्हणजे रेकॉर्डच्या एकाच बाजूला दोन्ही गाणी ठेवलीत, म्हणजे तुलना करायला लांब जायला नको.

ठाणे (पुन्हा मीच)
पुणेकर, कढी शिळी असेल, पण जेमिसनचा आवाज वरच्या पट्टीत काय लागतो! आणि हेही दोन नंबरपर्यंत गेलं होतं.

न्यू जर्सी
माझं मत जेम्स ब्राउनला. 'लिव्हिंग इन अमेरिका' मी कंपनीने इकडे पाठवल्यानंतर पहिल्यांदा नीट ऐकलं. शेवटाकडे तो शहरांची नावं घेत सुटतो, न्यू ऑर्लिन्स, डेट्रॉइट, डॅलस, पिट्सबर्ग. तेव्हा प्रोजेक्ट बदलला की गावही बदलायचं, त्यामुळे एकेक नाव आलं की तिथली भाड्याची खोली आठवायची.
सिनेमात मात्र हे गाणं अंगावर येतं. लास वेगासचा झगमगाट, नाचणाऱ्या बायका, अपोलो अंकल सॅमची (अमेरिकेचं प्रतीक असलेल्या म्हाताऱ्याची) टोपी घालून मिरवतोय, आणि ड्रॅगो खाली गप्प उभा राहून हे सगळं बघतोय. थोड्याच वेळात अपोलो रिंगमध्ये मरतो. एवढं खुशीचं गाणं त्याच्या आधी ठेवलंय, म्हणून ते मरण लागतं. ब्राउनला या गाण्यासाठी ग्रॅमी मिळालं, आमच्या घरी कुणाला पटत नाही तो भाग वेगळा.

डोंबिवली
२०२१ मध्ये स्टॅलोनने सिनेमा पुन्हा कापून आणला. रॉकीचा मेहुणा पॉली, त्याचा रोबो उडवला, ते बरंच केलं म्हणायचं, पण मला त्या रोबोशिवाय करमेना. चीझ काढलं की पिझ्झ्यात उरतं काय?

मडगाव
एवढे सगळे बोलले, पण केनी लॉगिन्स आणि ग्लॅडिस नाइटच्या 'डबल ऑर नथिंग'चं कुणी नाव काढलं नाही. त्याच रेकॉर्डवर आहे, तिसरं गाणं. नाशिकवाले, ग्लॅडिसबाईंची एंट्री ऐका आणि इथे येऊन सांगा.