राष्ट्रपतींची निवडणूक पोरांना शिकवून काय भलं होणार? (चर्चा)

खडूवाला:
काल आमच्या पालक ग्रुपवर एका साहेबांनी टाकलं, "राष्ट्रपती म्हणजे रबरी शिक्का. त्या निवडणुकीत पोरं मत देत नाहीत, आपणही देत नाही, मग उमेदवार आणि मतमूल्य शिकवून तास कशाला घालवता? गणिताचा जादा तास घ्या." खाली अंगठ्यांची रांग. तिथे बोललो तर ॲडमिन डोळे वटारतो म्हणून इथे ओकतोय.

२३ नोव्हेंबर २०१९ ला पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांनी महाराष्ट्रातली राष्ट्रपती राजवट उठली, मंत्रिमंडळाची बैठकसुद्धा न होता, आणि आठच्या सुमारास राजभवनात शपथविधी. त्या दिवशी दात घासायचे सोडून टीव्हीसमोर बसलेले तुम्हीच ना? ती राजवट कोणाच्या सहीने उठली हे पोराने विचारलं तर काय सांगणार, पाढे म्हण?

आणि गणितच हवं असेल तर घ्या. राष्ट्रपती आमदार-खासदार निवडतात, आणि आमदाराच्या मताचं वजन राज्यागणिक बदलतं, त्यालाच मतमूल्य म्हणायचं. मी वर्गात एकेका बाकाला एकेक राज्य देतो आणि आमदाराच्या मताची चिठ्ठी हातात ठेवतो. उत्तर प्रदेश २०८, आपण १७५, गोवा २०, सिक्कीम ७. सिक्कीम आलेली पोरगी चिठ्ठी परत करायला उठली, "सर माझं मत सातच? मला नको हे राज्य." मग फळ्यावर भागाकार. आपली लोकसंख्या ५,०४,१२,२३५, भागिले २८८ आमदार, भागिले हजार. लगेच मागच्या बाकावरून, "सर, मुंबईतच केवढी माणसं आहेत, हे ५ कोटी कधीचे?" १९७१ चे! ज्या राज्यांनी कुटुंबनियोजन मनावर घेतलं त्यांचं वजन घटू नये म्हणून आकडा तिथेच गोठवलाय. हे कुठल्या जादा तासात शिकवणार?

पालक_क्र_१:
तो मेसेज माझाच होता, नमस्कार. ५:४७ चं उदाहरण देऊन तुम्ही माझंच काम सोपं केलंत. वरून फाइल आली, पहाटे सही झाली. शिक्का यालाच म्हणतात मास्तर.

सदाशिवपेठी:
सगळे शिक्के सारखे नसतात हो. १९९७ ला के. आर. नारायणन यांनी उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवटीची शिफारस परत पाठवली होती. २००६ ला कलामांनी लाभाच्या पदाचं विधेयक (काही सरकारी पदं खासदारांना चालतील असं ठरवणारं) परत केलं.

पालक_क्र_१:
आणि तेच विधेयक संसदेने पुन्हा मंजूर केल्यावर कलामांनी सही केलीच. अर्धंच का सांगता?

सदाशिवपेठी:
घटनेत तसंच लिहिलंय म्हणून केली! हेच तर शिकवायचंय. असो, तुम्ही पाढे म्हणा.

ठाण्याची_आई:
मी दोघांच्याही विरोधात. निवडणूक जरूर शिकवा पण उमेदवार नीट शिकवा. माझ्या मुलीच्या वहीत २०२२ बद्दल काय आहे माहितीये? "द्रौपदी मुर्मू, पहिल्या आदिवासी राष्ट्रपती. यशवंत सिन्हा, पराभूत." झालं. अहो त्या शिक्षिका होत्या, रायरंगपूरच्या नगरसेविका होत्या, झारखंडच्या राज्यपाल असताना २०१७ ला भाजपच्याच सरकारची आदिवासी जमीन कायद्यातल्या दुरुस्तीची विधेयकं त्यांनी परत पाठवली. सिन्हा आयएएस सोडून आलेले, अर्थमंत्री झालेले. "पहिली महिला", "पहिली आदिवासी" असली लेबलं चिकटवून मुलांना माणूस कसा कळणार?

खडूवाला:
ताई, परीक्षेत तेवढंच विचारतात. रिकाम्या जागा भरा.

रोहेकर:
पराभूत म्हणालात म्हणून. १९६९ ला गिरी विरुद्ध संजीव रेड्डी सगळ्यांना माहीत असतं, पण तिसरे उमेदवार आमच्या रायगडचे चिंतामणराव देशमुख होते हे किती मास्तरांना ठाऊक आहे? रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, मुंबईच्या प्रश्नावर नेहरूंच्या मंत्रिमंडळातून बाहेर पडलेला माणूस. पहिल्या पसंतीची १,१२,७६९ मतं होती त्यांना. गिरींचा कोटा, म्हणजे जिंकायला लागणारी मतं, पहिल्या फेरीत भरला नाही, मतपत्रिकेवरची दुसरी पसंती मोजावी लागली. आमचे आजोबा रेडिओला कान लावून बसले होते, निकाल लागल्यावर दोन दिवस घरात कोणाशी धड बोलले नाहीत.

पालक_क्र_१:
जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाचा पाठिंबा होता, तेही सांगा आजोबांना.

रोहेकर:
आजोबा गेले. आणि त्यांना माहीत होतं.

गुरुजी_बीएलओ:
पसंतीक्रम, मतमूल्य सगळं शिकवू हो, पण शिकवायला वर्गात तर राहू द्या! निम्मा वेळ मी बीएलओ, म्हणजे मतदारयादी तपासणारा माणूस, म्हणून यादी घेऊन दारोदार. "ताई, हे नाव तुमच्या घरात आहे का?" "ते वारले." "दाखला आहे का?" की कुत्रं अंगावर. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ मध्ये जनगणना, आपत्ती आणि निवडणूक ही कामं शिक्षकांना लावता येतात म्हणे, म्हणजे त्या कायद्यात हक्क कोणाचा ते बघा.

पालक_क्र_१:
सुरू झालं रडगाणं. उन्हाळा, दिवाळी, गणपती सुट्ट्या घ्यायच्या आणि चार दिवस फिरावं लागलं की हक्क.

गुरुजी_बीएलओ:
चार दिवस? या माझ्याबरोबर. तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट बंद, वरून "आत्ताच झोपलेत, उद्या या". मोबाइल ॲप आमच्या फोनवर, डेटा आमचा, शिव्या पण आम्हालाच. आणि तुमच्या पोराला पंचाहत्तर टक्के पडले की "मास्तर शिकवत नाहीत".

ठाण्याची_आई:
हे खरंय पण. आमच्याकडे निवडणुकीच्या काळात इतिहासाच्या बाई महिनाभर दिसल्याच नाहीत, बदली म्हणून पीटीच्या सरांनी घटना शिकवली. मैदानातच.

सदाशिवपेठी:
बीएलओसाठी वेगळा धागा काढा की राव. मुद्दा काय, चाललंय काय.

गुरुजी_बीएलओ:
मुद्दा तोच आहे. पोरांना निवडणूक शिकवणारा माणूस निवडणुकीच्याच कामाला जुंपलाय. यापेक्षा मोठं प्रात्यक्षिक कुठे मिळणार?

खडूवाला:
गुरुजींना माझा पाठिंबा, पण पालकसाहेब, मूळ प्रश्न टाळू नका. २००७ ला शिवसेना एनडीएत असूनही काँग्रेसच्या उमेदवार प्रतिभाताई पाटलांच्या मागे उभी राहिली. या निवडणुकीत व्हिप, म्हणजे अमुकालाच मत द्या असा पक्षाचा आदेश, काढता येत नाही, मतदान गुप्त. एवढी एक गोष्ट पोराला कळली तरी बातम्या वाचायची त्याची पद्धत बदलते.

पालक_क्र_१:
बरं बाबा, शिकवा. सिक्कीमच्या चिठ्ठीचं आमच्या चिरंजीवाला घरी सांगितलं तर तो म्हणाला आमच्या वर्गात असं का नाही करत, म्हणजे घरातलं एक मत फुटलंच. पण २०२७ च्या जुलैत मुर्मूंची मुदत संपतेय, त्याआधी निवडणूक. तेव्हा चिठ्ठ्या वाटायला तुम्ही वर्गात असणार की दुबार नावं शोधत फिरणार?

खडूवाला:
ऑर्डर आली की कळवतो.