बालीत लग्न, मध्ये दोन मोकळे दिवस

भाचीचं लग्न बालीच्या दक्षिणेला नुसा दुआला आहे आणि मधल्या दोन दिवसांत उबुद, डोंगरातलं किंतामणी, नुसा पेनिदा बेट सगळं बसवायचं, असं एकांनी विचारलंय. नाही बसणार. उबुद चाळीसेक किलोमीटरच, पण रस्ते अरुंद. दीड तास सहज जातो. मेंदीच्या दिवशी तर नावच काढू नका.

त्यापेक्षा उलुवातू करा. कड्याच्या टोकावरचं देऊळ, खाली समुद्र आणि सूर्यास्ताला केचक नृत्य. वाद्यं नाहीत, पुरुषांचा घोळका गोल बसून नुसतं 'चक चक चक' करत रामायण उभं करतो. सीताहरण, लंकादहन ओळखीचंच, त्यामुळे आमच्या आजीसुद्धा रमल्या. देवळात कमरेला सारोंग लागतो, तो तिथेच मिळतो. चष्मे मात्र सांभाळा! तिथली माकडं पळवतात आणि खाऊ मिळाल्याशिवाय सोडत नाहीत. आमच्या काकांनी अख्खं संगीत धूसर पाहिलं.

व्हिसा विमानतळावर मिळतो, ५ लाख रुपिया (इंडोनेशियाचं चलन). वर दीड लाख पर्यटन कर. आकडे ऐकून दचकू नका, शून्यं तिकडे स्वस्त आहेत.

आणि हो, लग्न मार्चमध्ये असेल तर न्येपीची, म्हणजे बालीच्या नववर्षाच्या मौन दिवसाची तारीख आधी बघा. २०२६मध्ये ती आपल्या पाडव्यालाच, १९ मार्चला होती. त्या दिवशी विमानतळसुद्धा बंद असतो आणि हॉटेलबाहेर पाऊल टाकता येत नाही. परतीचं तिकीट त्या दिवसाचं काढू नका.