'पक्षपाती' पत्र की 'मुखपत्र'? शब्द सुचवा

अनुवादिका: अमेरिकेतल्या १८२८च्या अध्यक्षीय निवडणुकीवरचं प्रकरण मराठीत आणतेय. एकाच उमेदवाराची बाजू उघड लढवणाऱ्या पत्रांचा उल्लेख त्यात पानोपानी येतो. मी 'पक्षपाती वृत्तपत्रे' लिहिलं, संपादकांनी खोडून 'मुखपत्रे' केलं. मला दोन्ही खुपतं. पक्षपाती म्हटलं की आरोप झाला. वॉशिंग्टनच्या 'युनायटेड स्टेट्स टेलिग्राफ'चे संपादक डफ ग्रीन तर उमेदवार अँड्र्यू जॅक्सनची बाजू छातीठोकपणे मांडत होते.

जुनी शाई: मुखपत्रच बरोबर. 'दीनबंधु' सत्यशोधकांचं मुखपत्र, असंच आपण वाचत आलो.

अनुवादिका: दीनबंधुमागे चळवळ उभी होती, काका. इकडे १७९१ साली फिलाडेल्फियात फिलिप फ्रेनोंनी 'नॅशनल गॅझेट' काढलं, तेव्हा पक्षही धड बांधले गेले नव्हते. परराष्ट्रमंत्री जेफरसननी त्यांना आपल्या खात्यात अनुवादकाची नोकरी दिली, वर्षाला २५० डॉलर. पगार सरकारी आणि पत्रातून झोड त्याच सरकारातल्या अर्थमंत्री हॅमिल्टनवर! हे मुख कुणाचं म्हणायचं?

शुद्धमती: पक्षपाती ठेवा. पक्ष म्हणजे बाजू, पात म्हणजे पडणं. संस्कृतात पक्षपात म्हणजे ओढा, जिव्हाळासुद्धा. दोष आपण नंतर चिकटवला.

माणदेशी: संस्कृतात असेल. आमच्याकडे मास्तरांना पक्षपाती म्हणून बघा, घरापर्यंत भांडण येतं. आज वाचणाऱ्याला जे ऐकू येतं तेच लिहायला हवं.

शुद्धमती: अशाने चांगले शब्द एकेक करून हातचे जातात.

जुनी शाई: ग्रीन पुढे जॅक्सनना सोडून उपाध्यक्ष कॅल्हूनच्या गोटात गेले. मग १८३०च्या डिसेंबरात फ्रान्सिस ब्लेअरना आणून 'ग्लोब' काढावं लागलं. म्हणजे अध्यक्षाला आपलं मुखपत्र लागतच होतं. माझं म्हणणं कायम.

अनुवादिका: उलट बघा ना. संपादक तोच, पत्र तेच, निष्ठा मात्र फिरली. मुखाला स्वतःचं मत असतं का?

माणदेशी: आणि 'सिनसिनाटी गॅझेट'च्या चार्ल्स हॅमंडना काय म्हणाल? जॅक्सनच्या पत्नी रेचेल यांचा पहिल्या नवऱ्याशी काडीमोड पुरा व्हायच्या आत जॅक्सनशी लग्न झालं, हे त्यांनी प्रचारात चव्हाट्यावर आणलं. त्याला पक्षपाती म्हणणं फार सौम्य होतं.

अनुवादिका: तो परिच्छेद करताना माझा हात अडखळला. जॅक्सन निवडून आले आणि पदावर बसण्याआधीच, डिसेंबरात, रेचेल वारल्या.

सासवडकर: ताई, 'तळी उचलणारी पत्रे' लिहा. तळी एकट्याने उचलत नाहीत. ताम्हनात भंडारा, खोबरं, विड्याची पानं ठेवून पाच जण हात लावतात आणि 'येळकोट येळकोट जय मल्हार' म्हणत वर उचलतात. ही पत्रंही एकमेकांचा मजकूर छापायची ना?

अनुवादिका: हो! १७९२च्या टपाल कायद्याने संपादकांना आपापले अंक एकमेकांना फुकट पाठवता यायचे. एका गावचा लेख दहा गावांत छापून यायचा. दादा, चपखल आहे, पण इतिहासाच्या पुस्तकात चालेल?

शुद्धमती: मुळीच नाही. त्यात हिणवणं आहे. तुम्हाला आरोपच टाळायचा होता ना?

सासवडकर: देवाच्या कामात हिणवणं कसलं?

माणदेशी: वाक्प्रचारात आहेच, भाऊ. 'साहेबांची तळी उचलतो' हे कुणी कौतुकाने म्हणत नाही. आणि आमच्याकडे तळी 'भरतात', उचलतात नाही.

सासवडकर: आधी भरायची, मग उचलायची. चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य झाला की आमचे आजोबा पाचवा माणूस येईपर्यंत थांबायचे. एकदा शेजारचा मुलगा झोपेतून उठवून आणला होता.

जुनी शाई: आमच्याकडे तिघेही चालतात. विषम आकडा हवा, एवढंच.

शुद्धमती: पाचच हवेत. आमच्या घरी आजही पाचच असतात.

अनुवादिका: उद्या प्रकरण द्यायचंय. तूर्त 'पक्षाभिमानी पत्रे' लिहून ठेवते. कुणाला खटकत असेल तर आज रात्रीपर्यंत सांगा.

माणदेशी: तळी उचलताना खोबऱ्याची वाटी पालथी ठेवतात का हो तुमच्याकडे?