पाचगणीच्या जुन्या घराला लाकडाचा गॅसिफिकेशन बॉयलर घ्यावा का?

कौलारू: पाचगणीजवळ आजोबांचं दगडी घर आहे. डिसेंबरपासून तीन खोल्या होमस्टेला द्यायच्यात. खोल्या उबदार हव्यात, आंघोळीला कढत पाणी हवं. बंबाच्या धुराने आईला खोकला होतो. जर्मनीत मेव्हण्याकडे गॅसिफिकेशन बॉयलर आहे, धूर दिसतसुद्धा नाही. किती किलोवॅटचा घेऊ?

भट्टीवाला: थांबा जरा. त्यात वरच्या कप्प्यात लाकूड अपुऱ्या हवेत नुसतं धुमसतं. तो वायू पंखा खाली ओढतो, सिरॅमिकच्या तोंडाशी नवी हवा मिळाली की हजार अंशांच्या आसपास जळतो. धूरच जळून जातो, म्हणून दिसत नाही. पण लाकडात ओल २० टक्क्यांच्या आत लागते, नाहीतर आत डांबर धरतं. मंद आचेवर तो नीट चालत नाही. भडभडून पेटवायचा आणि उष्णता टाकीत साठवायची. किलोवॅटमागे ५० लिटर तरी धरा. २० किलोवॅटला हजार लिटरची टाकी झाली! वीज गेली की पंखाही बंद.

घाटमाथा: दादा, आपल्याकडे पावसाळ्यात काडेपेटी पेटत नाही, २० टक्के ओल कुठून आणणार? मी सिल्व्हर ओकच्या ढलप्या ओसरीवर रचल्या होत्या. गणपतीत बघतो तर एकेकीवर साबुदाण्याएवढी पांढरी बुरशी. आणि २००१ पासून महाबळेश्वर-पाचगणी इको-सेन्सिटिव्ह आहे, घरामागचं झाड परस्पर तोडलं असं चालत नाही. जळण विकतच घ्यावं लागेल.

खोल्यांचं म्हणाल तर कौलांच्या फटींतून सगळी ऊब आभाळात जाणार. आधी खाली फळ्यांची तक्तपोशी करा, मग हीटर बघा.

भट्टीवाला: +१. नुसत्या पाण्याचा हिशोब करा. ३०० लिटर पाणी २० वरून ५५ अंशांवर न्यायला १२ युनिटच्या आसपास उष्णता लागते. हीट पंप बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाणी तापवतो, म्हणून ते चारेक युनिट विजेत करतो. एवढ्यासाठी हजार लिटरची टाकी म्हणजे उंदीर मारायला तोफ. सोलर लावाल तर जून ते सप्टेंबर त्याच्यावर विसंबू नका.

कौलारू: आईला वाचून दाखवलं. ती म्हणते, बंब मागच्या पडवीत ने, पण मोडीत घालायचा नाही, तांब्याचा आहे. वीज गेली की तोच कामाला येईल. बॉयलर रद्द. आता एवढंच सांगा, पाचगणीच्या पावसाधुक्यात हीट पंपाचं बाहेरचं युनिट कुणी चालवलंय का? गंजतं का?